टाईमटेबल कुठे लागतं, ताई?

परदेशातल्या माणसाकडून विशेषांकासाठी लेख मागवला की संपादकांना बहुतेक फुलांचे ताटवे, पवनचक्क्या आणि पहिल्या थंडीत आठवलेली आई हवी असते. आई मला फोनवर रोज भेटते आणि फुलांवर मला लिहिता येत नाही. मी वेळापत्रकं बनवते. युट्रेख्ट या डच शहरातल्या एका विद्यापीठात त्याच कामाचा मला पगार मिळतो, म्हणून त्याच कामाबद्दल लिहिते.

माझे वडील पत्रकं छापायचे. आमच्या घरी वर्तमानपत्र कधी यायचं, कधी नाही. पण पत्रकांचे गठ्ठे कायम असत. त्यामुळे कोणतीही गोष्ट सरळ सांगायची, ठाम सांगायची आणि एका पानात सांगायची, अशी सवय मला लागली. पान एकच पुरणार नाही, बाकी दोन पाळायचा प्रयत्न करते.

तर काम असं. आपल्याकडे कॉलेज सुरू झालं की नोटीस बोर्डावर टाईमटेबल लागतं. ते कोण लावतं हे कुणी विचारत नाही. सोमवारी पहिला तास गणित, तर गणित. इथे तसं नाही. इथे सेमिस्टरचे दोन भाग असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये विद्यार्थ्याने दोन विषय घ्यायचे, फारच हौस असेल तर तीन. प्रत्येक विषयाला एक अक्षर दिलेलं असतं आणि अक्षर म्हणजे आठवड्यातल्या ठरलेल्या वेळा. एकाच अक्षराचे दोन विषय घेता येत नाहीत, कारण एक माणूस एका वेळी दोन खोल्यांत बसू शकत नाही. नियम एवढा सोपा आहे आणि तरी दर सेमिस्टरला माझ्यासमोर बसून कुणी ना कुणी रडतं.

ब्लॉक सुरू व्हायच्या बऱ्याच आधी नोंदणी उघडते. विद्यार्थी संगणकावर आपापले विषय निवडतात. मग नोंदणी बंद होते. त्यानंतर उरल्यासुरल्या जागांसाठी पुन्हा थोडे दिवस मिळतात. ते संपले की दार बंद. माझं आणि माझी सहकारी मारीके हिचं काम म्हणजे या सगळ्या निवडींना खोल्या पुरवायच्या, शिक्षक पुरवायचे आणि कुणाच्या डोक्यावर कुणी बसणार नाही हे पाहायचं. मारीके या कामात मुरलेली आहे. तिचा आवडता शब्द 'नाही' आहे आणि ती तो हसून म्हणते.

डच मुलं आपला आठवडा कसा आखतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला संताप आला होता. ती अभ्यासापासून सुरुवातच करत नाहीत. आधी सुपरमार्केटमधली पाळी मांडतात. मग नौकानयनाचा सराव. मग शुक्रवारी दुपारची गाडी, कारण मळलेल्या कपड्यांची बॅग घेऊन आईकडे जायचं असतं. सकाळी नऊचा तास नको, कारण सकाळी नऊला समोरून वारा असतो आणि सायकल पुढे जात नाही. एवढं सगळं झालं की उरलेल्या भोकांत विषय बसवायचे. मी मारीकेला म्हटलं, "आमच्याकडे शिकायला मिळावं म्हणून पिढ्यान् पिढ्या झगडल्या, आणि ही पोरं शिक्षण उरलेल्या जागेत कोंबतात!"

ती म्हणाली, "तुमची पोरं काय करतात?"

आमची पोरं म्हणजे भारतातून आलेली. ती सिनियरच्या आठवड्याचा स्क्रीनशॉट मागतात आणि तसाच्या तसा उतरवतात. एका मुलाने तीन विषय घेतले आणि चौथ्याला नुसतं बसायची परवानगी मागायला आला. मी कारण विचारलं. म्हणाला, "मॅडम, बुधवार पूर्ण रिकामा दिसतोय. घरी कळलं तर?" घर नाशिकला. पण त्याच्या बुधवारवर घराची नजर होती. हे मारीकेला समजावून सांगताना माझा राग हळूहळू निम्मा झाला आणि दोन्हीकडे सारखा वाटला गेला.

गिऱ्हाइकं एकेक असतात. लोटे आणि बास नावाची एक जोडी आली होती. प्रत्येक विषयात आम्हाला एकाच गटात टाका, आम्ही एकत्रच अभ्यास करतो, असा हट्ट. मी खटपट करून टाकलं. ब्लॉक अर्ध्यावर आला आणि लोटे एकटीच आली. आता एकाही विषयात एका गटात नको. मी काही बोलायच्या आत मारीके पलीकडून म्हणाली, "बाळा, लग्न मोडायला वकील असतात. गट मोडायला ब्लॉक संपावा लागतो." लोटे आधी रडली, मग हसली आणि गेली. एका प्राध्यापकांना तर खडूचा फळाच लागतो, आणि तो फक्त एका जुन्या खोलीत उरला आहे. त्या एका फळ्यासाठी मी दर वर्षी अर्धी इमारत इकडची तिकडे हलवते. मला ते आवडतात. माणसाने कशासाठी तरी अडून बसावं.

पण लिहायचं आहे ते प्रणाली नावाच्या मुलीबद्दल.

ती मला ऑफिसात भेटली नाही. हूफडॉर्प नावाच्या गावात आमच्या लोकांचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, भाषणं झाली, भाषणांवर भाषणं झाली, मग जेवण. खिरीच्या पातेल्यापाशी एक सडपातळ मुलगी माझ्यासमोर आली.

"जय भीम ताई. तुम्ही युनिव्हर्सिटीत टाईमटेबलमध्ये असता ना? मी प्रणाली. हिंगोलीची. पाण्याच्या मास्टर्सला आहे."

"जय भीम. बोल."

"टाईमटेबल कुठे लागतं, ताई? पुढच्या ब्लॉकचं. मी सगळीकडे बघितलं. पोर्टलवर बघितलं, खाली काचेच्या फळ्यावर बघितलं. तिथं नुसत्या सायकलीच विकायला आहेत."

मी हसले. "कोणते विषय घेतलेस?"

"घेतले म्हणजे?"

माझा चमचा खिरीतच राहिला.

झालं होतं असं. मास्टर्सच्या पहिल्या ब्लॉकमध्ये सगळ्यांना तेच विषय असतात, म्हणून आम्हीच ते भरून देतो. प्रणाली आली आणि तिला आयतं टाईमटेबल दिसलं. आयुष्यभर जसं दिसत आलं तसंच. दुसऱ्या ब्लॉकपासून निवडायचं असतं, तशी सूचना ईमेलवर गेली होती. ती तिने वाचलीही होती. तिला वाटलं, 'निवड करा' म्हणजे अभ्यासक्रम बघून ठेवा, तयारीत राहा, टाईमटेबल लागेलच. ती रोज बघत राहिली. ती बघत असताना नोंदणी उघडली आणि बंदही झाली. उरलेल्या जागांचे दिवस अजून चालू होते, पण तिला हवा असलेला भूजलाचा विषय भरून गेला होता आणि बाहेर रांग लागली होती.

"दुसरा कुठला घेतला तर?" मी विचारलं.

तिने खिरीची वाटी खाली ठेवली. तो विषय वर्षातून एकदाच असतो. तो केल्याशिवाय प्रबंध करता येत नाही. प्रबंध पुढच्या वर्षावर गेला तर सरकारी शिष्यवृत्ती पुढच्या वर्षाला नाही. म्हणजे अर्धी पदवी घेऊन परत. हे सगळं तिने सलग, दुसऱ्या कुणाची हकीगत सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाली, "माझे वडील बोअरच्या गाडीवर आहेत. आमच्याकडे एक माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. वडील तिथं मशीन लावतात. किती बोअरी कोरड्या जातात, ताई. लोक नारळवाल्याला काही म्हणत नाहीत, वडलांना शिव्या घालतात. मला हे शिकायचंच होतं."

आमचे सुरेश काका तिथेच उभे होते. काका एका बँकेच्या संगणक विभागात मोठ्या जागेवर आहेत आणि इथे नव्याने आलेल्या प्रत्येक पोराचे पालक आहेत. ते म्हणाले, "एवढंच ना? अगं, सिस्टिम हिच्याच हातात आहे. टाक गं तिचं नाव."

"तसं टाकता येत नाही, काका."

"टाकता येत नाही की टाकायचं नाही?"

"टाकता येतं. टाकायचं नाही."

"वा! कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. तिच्यापुढे रांगेत माणसं आहेत. बँकेची सिस्टिम तुमच्या हातात आहे. माझ्या खात्यात दोन शून्यं वाढवता?"

"ते वेगळं!"

"काय वेगळं? ज्यांच्या ज्यांच्या ओळखी होत्या त्यांची नावं मागच्या दाराने आत गेली, म्हणून आपली माणसं पुढच्या दारात उभी राहिली. आता एक किल्ली आपल्या हातात आली तर आपणही मागचंच दार उघडायचं?"

काका तापले. "भाषण झालंय आजचं, मघाशीच! पोरगी परत जाईल तेव्हा तुझं तत्त्व तिला विमानतळावर सोडायला येणार आहे का?"

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं एवढंच मी मान्य करते. तेवढ्यात प्रणालीनेच तोंड उघडलं. "ताई, रांगेत माझ्या पुढे जे आहेत, त्यांचं काय होतं मग?"

"त्यांचंही राहतं."

"म्हणजे तेही असेच? मग सगळ्यांचंच काहीतरी करता येत नाही का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. खीर गार झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मारीके म्हणाली, "भरलं म्हणजे भरलं." डचमध्ये हे वाक्य फार सुटसुटीत आहे. इथल्या राजकारणातही ते ऐकू येतं, बाहेरून येणाऱ्या माणसांविषयी. म्हणून मला ते जरा जास्तच झोंबलं.

पण आमच्या धंद्यात एक प्रश्न विचारायचा असतो. तो मला मारीकेनेच शिकवला होता. 'जागा नाही' असं कुणी म्हटलं की विचारायचं, नेमकं काय नाही? खुर्ची नाही, खोली नाही, वेळ नाही की शिकवणारा नाही? हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांना वेगवेगळी औषधं आहेत. मी भूजलाचा विषय उघडून बसले. व्याख्यानाच्या खोलीत मागच्या रांगा मोकळ्या होत्या. अडलं होतं संगणकाच्या प्रात्यक्षिकात. ती खोली लहान, आणि विषयाची मर्यादा त्या खोलीवरून ठरली होती. प्रात्यक्षिकाचा दुसरा गट काढला तर रांगेतले सगळे आत येत होते. मग ती खोली आणखी कधी मोकळी आहे ते शोधलं. आठवडाभर मुंगी शिरायला फट नव्हती. एकच वेळ मोकळी होती, शुक्रवारी संध्याकाळी.

मारीके खुर्चीत मागे रेलून हसली. "शुक्रवारी संध्याकाळी? या देशात? शुक्रवारी चारनंतर इथे राजा आला तरी त्याला हातात बिअरचा ग्लास घेऊन थांबावं लागतं."

"विचारून बघू."

"विचार. विचारायला कर नाही."

विषय शिकवणारे पीटर उंच, शांत, थोडे विसराळू गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा एक संशोधक सहायक दुसरा गट घ्यायला तयार होता, बहुधा त्याला डच मित्र नव्हते म्हणून. पण पीटर म्हणाले, "मी गट उघडेन आणि शुक्रवारी दोघंच येतील, असं नको. रांगेतल्यांपैकी बहुतेकांनी मला आधी लिहून कळवायला हवं, की आम्ही येऊ."

आता अडचण अशी, की रांगेतली नावं मी कुणाला देऊ शकत नाही. खासगीपणाचा कायदा इथे अगदी काटेकोर पाळतात. मी सगळ्यांना कोरडा ईमेल पाठवला असता तर तो आधीच्या ईमेलसारखाच वाचला गेला असता. मी प्रणालीला बोलावलं आणि सांगितलं, या ब्लॉकमध्येही पीटर तुम्हाला शिकवतात, त्यांचं व्याख्यान संपल्यावर वर्गात उभी राहा आणि बोल.

"मी? पीटर सरांसमोर?"

"इथे सर म्हणत नाहीत."

"नुसतं पीटर कसं म्हणू? ते वडलांच्या वयाचे आहेत!"

"मग काहीच म्हणू नकोस. उभी राहा आणि मुद्द्याचं बोल. ज्यांना ज्यांना हा विषय हवाय आणि जागा मिळाली नाही, त्यांनी दाराशी थांबा. बास."

"इंग्रजी चुकलं तर?"

"डच लोकांचंही चुकतं. फक्त ते मोठ्याने चुकतात."

ती उभी राहिली. मी तिथे नव्हते, तिने नंतर सांगितलं. पहिलं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. मागून कुणीतरी "मोठ्याने!" म्हणालं. तिला वाटलं, ओरडले. मग तिला नारळवाला आठवला, आणि कसं कुणास ठाऊक, तिने तोच सांगायला घेतला. पीटर हातातली बॅग खाली ठेवून ऐकायला लागले. तिचं बोलून झालं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली, तर तिच्याआधी तिथे बरीच जणं उभी होती.

एक इंडोनेशियाची मुलगी, आपले विषय ईमेलने कळवले जातील म्हणून थांबलेली. एक घानाचा मुलगा, विभागाकडून बोलावणं येईल म्हणून थांबलेला. आणि रिक नावाचा एक अस्सल डच मुलगा, ब्रेडा शहरातला. त्याच्या घरात विद्यापीठाचं तोंड पाहिलेला तो पहिलाच. त्याने नोंदणीचं पान उघडलं होतं, त्याला ते कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली.

रिकबद्दल ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यातलं काहीतरी जागचं हललं. तोवर मला वाटत होतं, ही आमची खोड आहे. नोटीस बोर्डाची वाट पाहणारी माणसं आम्ही; जे लागेल ते उतरवून घेणारी. पण निवड करता येणं हा अंगभूत गुण नाही. ती कुणीतरी जेवताना, सहज बोलता बोलता शिकवलेली गोष्ट असते. ज्याच्या घरात कुणी ती आधी केलेली असते, त्याला आपल्याला शिकवलं गेलंय हेसुद्धा कळत नाही. तो त्याला हुशारी म्हणतो. ज्याच्या घरात कुणी केलेली नसते, तो हिंगोलीचा असो की ब्रेडाचा, काचेच्या फळ्यावरच्या सायकली वाचत उभा राहतो. आणि नियम म्हणतो, तुला समान संधी दिली होती, ईमेल गेला होता. मी म्हणते, सगळ्यांना एकच दार देऊन भागत नाही. दार आहे हे सांगायला माणूस लागतो.

हे सगळं मी एका पानावर इंग्रजीत लिहून काढलं, नव्या विद्यार्थ्यांना वाटायला. पहिलंच वाक्य होतं, 'तुमचं टाईमटेबल कुणीही लावणार नाही. ते तुमच्या हातात आहे आणि ते हातात असणं हा तुमचा हक्क आहे.' विभागप्रमुखांनी 'हक्क' काढून 'जबाबदारी' घातलं. मी पुन्हा 'हक्क' घातलं. शेवटी मारीकेने मध्ये पडून दोन्ही ठेवले आणि म्हणाली, "आता कॉफी पिऊ द्या मला." दर शरद ऋतूत ते पान वाटलं जातं. गेल्या खेपेला रांग खरोखर कमी लागली. मारीके म्हणते हवा चांगली होती म्हणून.

पीटरना पुरेसे होकार गेले आणि गट उघडला. रिक मात्र आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी ब्रेडाच्या गोदामात त्याची पाळी असते आणि ती सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याला खुर्ची होती, खोली होती, शिकवणारा होता. वेळ नव्हता. त्या आजारावर माझ्याकडे औषध सापडलं नाही. मारीकेने दोन वेळा, मला न सांगता, पहिल्या गटात कुणी गळतंय का ते तपासलं. कुणी गळलं नाही. रिकने दुसरा विषय घेतला, दुसरा प्रबंध घेतला. कधी सायकल स्टँडवर भेटतो, हात करतो. मला तो हात दिवसभर पुरतो, चांगल्या अर्थाने नाही.

गट उघडला तरी प्रणालीचा दुसरा विषय निवडायचा बाकी होता. तिने माझ्यासमोर बसून म्हटलं, "तुम्हीच सांगा, ताई. तुम्हाला माहीत असतं." मी रिकामा आठवडा कागदावर छापून तिच्यापुढे ठेवला, पेन दिलं आणि गप्प बसले. गप्प बसणं मला फार अवघड जातं. ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग तिने मंगळवारच्या सकाळवर काट मारली.

"का गं?"

"मंगळवारी आई बाजारच्या गावी येते. तिथं रेंज असते. निवांत बोलणं तेव्हाच होतं." आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे चालतं ना, असं कारण?"

"विचारतेस कुणाला?"

तिने काट आणखी ठळक केली. मग मंगळवार सोडून बसणारा विषय तिने स्वतः शोधला. तो मातीचा होता आणि मी सुचवला असता त्यापेक्षा बरा होता.

ब्लॉक सुरू झाला. काकांचा फोन आला. "काय म्हणते पोरगी? बसतेय ना वर्गात?" मी म्हटलं, बसतेय. "पुढच्या दाराने?" "पुढच्या दाराने." "हं," म्हणाले. "जरा लांबचं पडलं, पण ठीक आहे." काकांकडून एवढं मिळणं म्हणजे जाहीर सत्कार.

तिसऱ्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी प्रणाली ऑफिसात आली. जय भीम घातला आणि उभी राहूनच बोलायला लागली.

"ताई, शुक्रवारची खोली बदलून पाहिजे. संगणक इतके हळू आहेत की पाणी जमिनीत मुरेल, पण मॉडेल चालत नाही. आणि संध्याकाळी हीटर बंद करतात. आम्ही जॅकेट घालून बसतो. पहिल्या गटाला आता वरच्या नव्या खोलीत हलवलंय. आम्हाला का नाही?"

मारीकेने तिच्या टेबलावरून मान वर केली.

मला हसू आवरत नव्हतं, पण टेबलाच्या या बाजूला बसलं की चेहरा सांभाळावा लागतो. मी म्हटलं, "असं तोंडी चालत नाही. तक्रार लेखी द्यावी लागते."

"दिली. सकाळीच," प्रणाली म्हणाली. "सगळ्यांच्या सह्या आहेत. पीटरचीही घेतली."

मी वरच्या मजल्याच्या खोल्या उघडल्या आणि शुक्रवार शोधायला लागले.